साडेदहाला अडणारा कम्प्युटर

"कम्प्युटर फार स्लो झालाय हो," असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चहाडी केल्यासारखा. आवाज खाली, नजर इकडेतिकडे, आणि शेवटी "तसा स्वभावाने चांगलाय" अशी पुस्तीही.

बनशंकरीत माझं कम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. यंदा ते बंद केलं, तर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दारात हजर. "वत्सलाबाई, आता मोकळ्या आहात, अनुभव लिहा." मी म्हटलं, सरी. आमची घरं कित्येक पिढ्यांपासून इथलीच, कानडी मुलखातली. त्यामुळे 'बरं' म्हणायला गेलं की तोंडातून 'सरी' येतं आणि 'थोडं' म्हणायला गेलं की 'स्वल्प'. पुण्या-नागपूरहून इकडे आलेल्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी हार्ड डिस्क म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये एक गुळगुळीत चकती असते. ती मिनिटाला हजारो फेऱ्या मारते. तिच्यावरून एक बारीक काडी इकडून तिकडे धावते आणि लिहिलेलं वाचते. ही काडी चकतीला टेकत नाही, अगदी केसभरसुद्धा नाही अशा अंतरावर तरंगते. तुमचे फोटो, तुमची पत्रं, जावयाची कुंडली, सगळं त्या चकतीवर. काडीला नेमकी जागा सापडली नाही की ती पुन्हा जाते, पुन्हा शोधते. एकदा, दोनदा, शंभरदा. तोवर तुम्ही पडद्यासमोर बसून कम्प्युटरला शिव्या देता.

जागा न सापडण्याची कारणं शंभर. एका गृहस्थांनी पडद्यावर इतक्या फायली मांडल्या होत्या की मागे लावलेल्या नातवाच्या फोटोतला फक्त एक कान दिसत होता. पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने तीन अँटिव्हायरस घातले होते. चोर एकही नव्हता, पण तिघे पहारेकरी दिवसभर एकमेकांच्या झडत्या घेत होते. एक बाई थंडीच्या दिवसांत कम्प्युटरच्या डब्याला स्वेटर घालायच्या. हात ठेवायची सोय म्हणून बाह्यांसकट.

हे सगळं मी एका बैठकीत दुरुस्त केलं. पण एका कम्प्युटरने मला सहा आठवडे नाचवलं, त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

रुक्मक्का सत्तरीच्या. आमच्या लोकांत लग्नं जुळवण्याचं काम त्या तरुणपणापासून करत आल्या. आधी वह्या होत्या, मग त्या मी त्यांना कम्प्युटरवर चढवून दिल्या. मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. "मोबाइलमधली मुलगी एका मिनिटात अख्ख्या गावात फिरते. माझ्या डब्यातली मुलगी डब्यातच राहते," असं त्यांचं तत्त्व. स्थळ बघायचं तर घरी यायचं, कॉफी प्यायची, आणि रुक्मक्का फोटो उघडतील तेव्हा बघायचं. वेळ सकाळी दहा ते बारा.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "वत्सला, डबा अडतोय. रोज साडेदहाला."

"साडेदहालाच?"

"बरोब्बर साडेदहाला. काल एका मुलाचा फोटो उघडला. आधी केस आले. मग कपाळ आलं. नाकापर्यंत येईतो मुलीकडच्यांची कॉफी संपली. मुलीची आई म्हणाली, मिशी आहे का तेवढं सांगा, आम्ही निघतो."

मी दुपारी गेले. कम्प्युटर हरणासारखा पळत होता. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ती नोंद पाहिली, उत्तम. जागा निम्म्याहून जास्त रिकामी. व्हायरस नाही. केबल बदलली आणि "आता त्रास नाही" असं सांगून निघाले. दाराशी रुक्मक्का हळूच म्हणाल्या, "तुला खरं सांगू? ही पलीकडचीची करणी आहे."

पलीकडची म्हणजे शारदा, त्यांची धाकटी जाऊ. आधी एकच घर होतं. सहा वर्षांपूर्वी या दोघींचं बोलणं बंद झालं आणि घराच्या मधोमध भिंत आली. दोघींचे नवरे मात्र रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकत्र इडली खातात. एक उजवीकडून बाहेर पडतो, दुसरा डावीकडून, आणि बायकांना वाटतं की हे वेगवेगळ्या बागांत फिरायला जातात.

"अक्का," मी म्हटलं, "हे शास्त्र आहे. करणीने डिस्क स्लो होत नाही." असं म्हणताना माझी मान जरा ताठच होती.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला फोन. "अडला."

मी डबा उचलून दुकानात आणला. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवला. एकदाही अडला नाही. परत नेऊन लावला, तर दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा तेच. पुन्हा आणला, पुन्हा तपासला. चकतीचा कण न् कण वाचून बघणारी एक चाचणी असते, तीही केली. सगळं निर्दोष. मग मला शंका आली की साडेदहाला काहीतरी आपोआप सुरू होत असेल, अपडेट वगैरे. ते सगळं बंद केलं. तरीही साडेदहाला अडलाच. घड्याळ अर्धा तास पुढे केलं. कम्प्युटरच्या घड्याळात अकरा वाजले आणि तेव्हा अडला. म्हणजे त्याला खरं घड्याळ कळत होतं!

इकडे रुक्मक्कांनी आपल्या परीने उपाय सुरू केले होते. डब्याला हळदकुंकू लागलं. वर लिंबू-मिरची टांगली गेली. एकदा मी गेले तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झालेली आणि कीबोर्डमध्ये मोहऱ्या. 'म' दाबला की मोहरी फुटायची.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण रुक्मक्का हसत नव्हत्या. एका सकाळी फोटो येईना म्हणून त्यांनी पाच वेळा बटण दाबलं आणि थोड्या वेळाने पाच नवरदेव एकावर एक उघडले. मुलीच्या मावशीला चौथा आवडला. चौथ्याचं लग्न गेल्या वर्षीच झालं होतं, तेही रुक्मक्कांनीच जुळवलेलं. ही बातमी सगळीकडे गेली. लोक म्हणू लागले, अक्कांचं आता वय झालं. फोन कमी झाले. "होसकोट्याची मंडळी शुक्रवारी अकराला येतायत," त्या मला म्हणाल्या. "तेही हात हलवत परत गेले तर मी हे बंद करते. वह्यासुद्धा रद्दीत दिल्यात गं मी, तुझ्या भरवशावर."

हे शेवटचं वाक्य मला लागलं.

शुक्रवारी मी दहालाच गेले आणि कम्प्युटरसमोर स्टूल टाकून बसले. रोग साडेदहाला येतो तर वैद्यानेही साडेदहाला हजर असावं, हे एवढं साधं सहा आठवडे मला सुचलं नव्हतं. दुकान सकाळी उघडायचं असतं म्हणून मी कायम दुपारी जात होते.

दहा वीस. एका मुलीचा फोटो उघडून पाहिला, चुटकीसरशी आला. दहा एकोणतीस, तेच. साडेदहा वाजले आणि डब्यावरचा डिस्कचा लाल दिवा पेटला तो पेटलेलाच राहिला. पडद्यावर एका मुलाचं कपाळ येऊन थांबलं.

"आला बघ," रुक्मक्का कुजबुजल्या. भूत आल्यासारख्या.

रुक्मक्कांनी दिलेली कॉफी कम्प्युटरशेजारीच ठेवली होती. सहज नजर गेली. स्टीलच्या पेल्यात कॉफीवर बारीक गोल लाटा उठत होत्या. एकामागून एक, अखंड. मी कम्प्युटरखालच्या ओट्यावर हात ठेवला. ओटा थरथरत होता. मग मी सरळ ओट्याला कान लावला. आतून घुर्र असा आवाज येत होता.

"काय म्हणतोय?" रुक्मक्कांनी हात जोडून विचारलं.

"अक्का, हा ओटा पलीकडे कुठपर्यंत जातो?"

इथे त्यांचं ऑफिस कुठे होतं ते सांगायला हवं. भिंत आली ती नेमकी स्वयंपाकघराच्या मधोमध. ओटा कडप्प्याचा, एकसंध, लांबलचक. मेस्त्री म्हणाला, कापला तर फुटेल. म्हणून त्याने कडप्पा तसाच ठेवून खाली आणि वर विटा रचल्या. रुक्मक्कांनी गॅस मागच्या पडवीत नेला आणि आपल्या वाट्याच्या कडप्प्यावर कम्प्युटर मांडला. तोच कडप्पा भिंतीतून आरपार जाऊन शारदाबाईंच्या स्वयंपाकघरात निघत होता. आणि त्याच्यावर काय होतं?

"ग्राइंडर," रुक्मक्का म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी मोठा आणलान. खिडकीतून उतरवताना पाहिलाय मी. दोशांचं पीठ विकते ना गल्लीभर. आमच्याशिवाय सगळ्यांना."

चालत्या सिटी बसमध्ये उभं राहून सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर जे होईल, तेच डिस्कमधल्या त्या काडीचं होत होतं. पलीकडे दगडी ग्राइंडर फिरत होता, कडप्पा थरथरत होता, आणि काडी बिचारी दर वेळी नेम चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती.

खात्री करायला मी डबा उचलून मांडीवर घेतला. चालू डिस्क हलवू नये हे मीच जगाला सांगत आले, पण वेळ तशी होती. मांडीवर घेताच पडद्यावर मुलाचं नाक, मिशी, टाय, सगळं धाडकन आलं. खाली ठेवला, अडला. उचलला, पळाला.

"पुन्हा उचल," रुक्मक्का म्हणाल्या. उचलला. "ठेव." ठेवला. "उचल." असं त्यांनी सहा वेळा करायला लावलं. सहाव्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरणार नाही.

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?"

"पलीकडचीची करणी," मी म्हटलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"शास्त्र."

"हं."

"अक्का, आपण डबा त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवू, प्रश्न मिटला."

"मी का हलवू? तिने हलवावं!" आणि पदर खोचून त्या बाहेर पडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या शारदाबाईंच्या दाराकडे निघाल्या होत्या.

मंडळी यायला वीस मिनिटं होती. मी कम्प्युटर बंद करून डबा उघडला. डिस्कच्या खाली रबराचे तुकडे लावावेत म्हणजे आजचं तरी भागेल, असा विचार होता. डिस्क आपल्या खणात चार स्क्रूंनी घट्ट बसवायची असते. इथे एकच स्क्रू होता. डिस्क बोटाने हलवली तर टकटक वाजत होती.

ती डिस्क गेल्या वर्षी मीच बदलली होती. तीन स्क्रू हातातून सटकून सतरंजीखाली गेले होते आणि दुसरीकडे जायची घाई होती. 'एकाने काम भागतं, पुढच्या वेळी लावू,' असं म्हणून मी झाकण लावलं होतं. नीट बसवलेल्या डिस्कने एवढी थरथर कदाचित निभावून नेली असती. सहा आठवडे मी व्हायरस शोधत होते, केबल बदलत होते, घड्याळं पुढे-मागे करत होते, पण बाजूचं झाकण एकदाही पुरतं उघडलं नव्हतं. आपल्याच हातचं काम कोण तपासतं?

पिशवीत स्क्रू होते. तीन स्क्रू लावायला दोन मिनिटं, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी ते लावले. पलीकडून मोठमोठ्याने आवाज येऊ लागले होते. झाकण लावून मी स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून धावत गेले.

शारदाबाईंच्या स्वयंपाकघरात ग्राइंडर फिरतच होता. दोघी त्याच्या दोन बाजूंना.

"तासभर फिरवायला काय सिमेंट दळतेस?" रुक्मक्का.

"तासभर का फिरवते ते मला विचारता, अक्का?" शारदाबाई म्हणाल्या. "चाळीस माणसं जेवायला बसली होती बारशाला. सगळ्यांसमोर पहिला घास घेऊन कोण म्हणालं, पीठ रवाळ आहे म्हणून? त्या दिवसापासून तास तासभर वाटते मी. आता गल्लीत कुणी रवाळ म्हणून दाखवू दे!"

म्हणजे भिंत एका दोशावरून आली होती. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जमिनीवरून असेल, दागिन्यावरून असेल असं वाटायचं.

"मग तो सूड असा घेतेस? माझं काम बुडवून? वेळसुद्धा नेमकी माझीच!"

"कसलं काम बुडवून?"

"कम्प्युटर माझा! त्या कडप्प्यावर!"

शारदाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कम्प्युटर आहे, हेच मला माहीत नव्हतं, अक्का. मला कोण सांगणार?"

रुक्मक्कांना आता माघार घेता येईना. त्या आणखी काहीतरी भयंकर बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मीच ओरडले, "चूक माझी आहे!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूचं सगळं सांगितलं.

"किती स्क्रू लागतात?" शारदाबाईंनी शांतपणे विचारलं.

"चार."

"तू किती लावलेस?" रुक्मक्का.

"एक."

"अय्यो देवरे!" दोघी एकदम म्हणाल्या.

पुढची पाच मिनिटं मी आयुष्यात खाल्लेल्या बोलण्यांतली सर्वांत मोठी होती. मराठी संपलं की कानडी, कानडी संपलं की मराठी. "पाटाचे तीन पाय काढून वर बसवलंन गं आपल्याला!" शारदाबाई म्हणाल्या. "आणि वर मला शास्त्र शिकवत होती!" रुक्मक्का म्हणाल्या. "अक्का, ही तीच ना, आमच्या भाच्याचा लॅपटॉप महिनाभर ठेवून घेणारी?" "तीच! तीच!" एकीचं वाक्य दुसरी पूर्ण करत होती. सहा वर्षं तोंड न पाहिलेल्या दोन बायका माझ्याविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि ग्राइंडर मागे घुर्र करत साथ देत होता.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. होसकोट्याची मंडळी.

रुक्मक्कांचा चेहरा उतरला. शारदाबाईंनी ग्राइंडरकडे पाहिलं. पीठ अर्धंच वाटलं गेलं होतं. अशा वेळी थांबवलं तर, त्यांच्याच शब्दांत, रवाळ व्हायचं. त्यांनी क्षणभर ओठ चावला आणि बटण बंद केलं.

"जा, अक्का. अर्धा तास लावत नाही."

कम्प्युटर त्या दिवशी असा पळाला की मुलीची आई म्हणाली, "जरा हळू दाखवा, चेहरा नीट बघू द्या." तिसरा मुलगा येलहंक्याचा होता, तो पसंत पडला. पुढे ते लग्न झालंही. मंडळी उठणार इतक्यात दारातून शारदाबाई आल्या. आदल्या दिवशीच्या पिठाचे दोसे, गरमागरम, बरोबर चटणी. सगळ्यांना वाढलं. शेवटी रुक्मक्कांच्या ताटात एक ठेवला आणि हात पदराला पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

रुक्मक्कांनी तुकडा तोडला. तोंडात घातला. चावला. शारदाबाई त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या.

"लोण्यासारखं वाटलंयस," रुक्मक्का म्हणाल्या. "फक्त स्वल्प मी..."

'मीठ' हा शब्द पुरा व्हायच्या आत मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग म्हणाल्या, "मी म्हणते, आणखी एक वाढ."

पुन्हा धोका नको म्हणून त्यानंतर एक पद्धत पडली. ग्राइंडर लावण्याआधी शारदाबाई भिंतीवर टकटक करून विचारायच्या, "अक्का, लावू का?" इकडे मंडळी बसली असतील तर रुक्मक्का म्हणायच्या, "थांब." मग ताटकळण्यापेक्षा शारदाबाई इकडेच येऊन बसायच्या. हळूहळू त्याही स्थळांबद्दल मत देऊ लागल्या. त्यांचं मत बहुतेक वेळा उलट असायचं.

एका स्क्रूची टोचणी मात्र माझ्या मनातून जाईना. दुकान बंद करण्याआधी प्रायश्चित्त म्हणून मी त्यांच्यासाठी नव्या पद्धतीची डिस्क घेऊन गेले. हिच्यात चकती नाही, काडी नाही, फिरणारं काहीच नाही. मी अभिमानाने सांगितलं, "अक्का, आता ग्राइंडर या डिस्कच्या डोक्यावर ठेवून फिरवला तरी हिला पत्ता लागायचा नाही."

रुक्मक्कांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हणजे शारदेने कधीही लावला तरी चालेल?"

"कधीही."

"विचारावं लागणार नाही?"

"मुळीच नाही."

त्यांनी डिस्क माझ्या पिशवीत परत टाकली. "नको. असू दे तुझ्याकडे."

मी काही बोलणार, तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. "अक्का, लावू का?"

स्थळ बघायला कुणी आलेलं नव्हतं. डब्याचा प्लगसुद्धा काढलेला होता. रुक्मक्कांनी माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीकडे बघत ओरडून म्हणाल्या, "थांब गं! आत्ताच चालू केलाय, फोटो अर्धाच आलाय. तोवर कॉफी प्यायला ये!"